टाळ्या पडल्या आणि टोपली सुटली

मुक्काम तुमचीच ओसरी,
दारव्हा रस्ता, डिसेंबर २००६

तीर्थरूप किसनरावभाऊजींच्या चरणी सदाशिवचा नमस्कार. तो पायावर डोकं टेकवून केला आहे असं समजून घ्यावं, कारण सध्या माझी कंबर वाकत नाही. का वाकत नाही ते पुढे ओघात येईलच.

नागपूरला ऑपरेशन झालेला डोळा कसा आहे? पट्टी सुटायला अजून अवकाश आहे असं ताईनं कळवलं, म्हणजे हे पत्र पिंटू वाचून दाखवणार. (पिंटू, सावकाश वाच. माझ्या वाक्यांत श्वास घ्यायच्या जागा कमी असतात, त्या तू आपल्या सोयीनं करून घे.) डॉक्टरांनी तुम्हाला वाकायला, ओरडायला आणि रडायला मनाई केली आहे हेही कळलं. वाकण्याची काळजी मला नाही, तुम्ही तहसीलदारापुढेही कधी वाकला नाहीत. रडताना तुम्हाला कुणी पाहिलेलं नाही. ओरडण्याचं तेवढं सांभाळा. फोन का केला नाही असं तुम्ही विचाराल, तर माझं बोलणं एका रिचार्जमध्ये मावत नाही, आणि मावलं तरी तुम्ही मधेच फोन ताईच्या हातात देता. पत्राला तो धोका नाही. (पिंटू, पत्र ताईच्या हातात देऊ नकोस.)

तर पहिल्या झटक्यात आनंदाची बातमी: तुमच्या आज्ञेप्रमाणे सुरभीला घरी आणलं आहे. पोरगी सुखरूप आहे, जेवते आहे, आणि हे पत्र मी लिहीत असताना समोर चुलीवर सगळ्यांचा चहा ठेवते आहे. 'सगळ्यांचा' या शब्दावर इतक्यात अडू नका. तुम्ही खाटेवरून मला काय सुनावलं होतं ते अक्षर न अक्षर माझ्या लक्षात आहे. "साळेबुवा, तुम्ही भाषणं ठोकून मंत्री हालवता म्हणता नं, मंग एक पोरगी हालवून दाखवा. घरी आना तिले." आणि मग भिंतीकडे तोंड करून, मला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, "वर गेलेल्या मानसाले हाक पोचते का?" असंही म्हणालात. मला ऐकू गेलं. सभेत मागच्या रांगेत कोण काय पुटपुटतो हे ऐकायची मला सवय आहे.

मी निघालो तो पेटूनच निघालो होतो. भाऊजी, तुम्हाला माझी मतं माहीत आहेत. कापसाला भाव नाही, खरेदी केंद्रासमोर गाड्यांची रांग संपत नाही, दर आठवड्याला कुठल्यातरी गावात मी शोकसभेत उभा राहतो, आणि अशा वर्षी आपल्या घरची शिकलेली मुलगी यवतमाळला कॉम्प्युटर शिकते सांगून लोहाऱ्याच्या एमआयडीसीत जाते आणि कापडाच्या फुग्याला टोपली बांधून आभाळात उडते! हा फुगा आला कशाला होता? बियाण्याची जाहिरात करायला. 'आकाशाएवढं पीक' असं त्याच्यावर लिहिलेलं होतं. पीक काय आलं ते आपण पाहिलं, कंपनीची माणसं एका रात्रीत गेली, आणि हे फुगे तेवढे मागे राहिले. मी अख्खं भाषण तयार केलं होतं. त्यात फ्रान्सचा इतिहास होता. (तिथे पहिल्या फुग्यात माणूस बसवायचं धाडस होईना म्हणून एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा बसवून सोडले होते. पुस्तकात हे वाचताना मी खूप हसलो होतो. आता हसत नाही.)

सकाळी अंधार फिटायच्या आत दारव्ह्याहून अन्सारची काळीपिवळी सवारी जीप पकडली. हा अन्सार म्हणजे त्याच फुगेवाल्या मंडळींचा माणूस. फुगा उडाला की त्याच्या खालून रस्त्यानं जीप पळवायची, तो जिथे उतरेल तिथे पोचायचं आणि माणसं, टोपली, कापड असं सगळं भरून परत आणायचं, हे त्याचं काम. पण वीस वर्षं दारव्हा-यवतमाळ सवारी वाहिलेला माणूस, रस्त्यात कुणी हात केला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. वर विमान असो, फुगा असो की साक्षात यमदूत, सीट रिकामी राहता कामा नये, हे त्याचं तत्त्व. तत्त्वनिष्ठ माणसाबद्दल मला आदर आहे. मात्र या तत्त्वानंच पुढे माझा घात केला.

लोहाऱ्याला बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या मागे मोकळं मैदान आहे, तिथे या लोकांची वस्ती. मला वाटलं होतं, चार उडाणटप्पू पोरं भेटतील. तिथे भेटलं एक गावच. तीन फुगे, प्रत्येकाचा आपला चालक, आपली माणसं, आपला मान. परवेजभाई त्यांच्यात वडीलधारे. पूर्वी फवारणीचे पंप आणि स्टोव्ह दुरुस्त करायचे; कंपनीच्या साहेबाची फुग्यात गरम हवा भरायची शेगडी बिघडली तेव्हा ती दुरुस्त करता करता उडायला शिकले आणि रीतसर परीक्षा देऊन आले. त्यांची आई जमिलाबी कापड शिवते. आता लग्नात वरून फुलं टाकायला, टाइल्सच्या दुकानाचं नाव मिरवायला, पिकनिकच्या लोकांना सूर्योदय दाखवायला हे लोक उडतात, आणि पहाटे वारा थांबलेला असेपर्यंतच उडतात. ऊन चढलं की सगळे आपापल्या दुसऱ्या धंद्याला लागतात. त्यांच्या रीती मात्र एखाद्या जुन्या घराण्याला लाजवतील अशा कडक. एक रीत अशी की ज्याच्या शेतात उतराल त्याला आधी सलाम करायचा, आणि उतरताना पऱ्हाटीच्या जितक्या ओळी दबल्या असतील तितक्या ओळींचा कापूस आपल्या हातानं वेचून मालकाच्या दारात नेऊन टाकायचा. चालकानंसुद्धा. परवेजभाईंची बोटं पाहिली, बोंडांनी चिरलेली होती. दुसरी रीत अशी: फुगा भरताना त्याच्या शेंड्याला एक लांब दोर असतो, तो एका माणसानं दूर उभं राहून ताणून धरायचा असतो, म्हणजे कापड एकदम उसळत नाही. चालकाच्या पहिल्या स्वतंत्र उड्डाणाला हा दोर त्याच्या घरच्या माणसानंच धरायचा. चालक 'सोडा' म्हणाला की त्याच माणसानं सोडायचा. घरच्यानं सोडल्याशिवाय त्याला चालक म्हणत नाहीत, मग दिल्लीचा परवाना खिशात असला तरी.

सुरभीच्या खिशात तो आहे, भाऊजी. तीन महिने झाले. ती उडते आहे ती परवेजभाईंच्या शेजारी उभी राहून. एकटी उडत नाही, कारण दोर धरायला घरचं कुणी नाही. (पिंटू, इथे जरा थांब. बाबांनी काही विचारलं तर पुढे वाच.)

मी पोचलो तेव्हा एक फुगा भरून उभा होता. पिवळा, आपल्या गावातल्या पाण्याच्या टाकीहून उंच, आणि खाली वेताची टोपली. फुगा उडून जाऊ नये म्हणून आम्ही पोचताच टोपलीचा दोर अन्सारच्या जिपेला बांधला गेला, शिवाय आठ-दहा माणसं टोपलीच्या काठावर छाती टेकवून दोन्ही हातांनी ती दाबून धरत होती. आत सुरभी शेगडीचा सराव करत होती, परवेजभाई बाहेरून काठ धरून सूचना देत होते. आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या माणसानं ते दृश्य कसं पाहावं? मध्ये उंच व्यासपीठ. भोवती माणसांचं कडं. सगळ्यांचे हात अडकलेले, म्हणजे उठून जायची सोय नाही. तीस वर्षांत मला असा श्रोता मिळाला नव्हता. मी धोतर सावरलं आणि टोपलीत चढलो.

"मामा! तुमी कायले आले?" सुरभी म्हणाली.

"तुला न्यायला," म्हणालो, आणि सुरुवात केली.

सुरुवात उत्तम झाली. आईबापांचे कष्ट, घराची माया, पायाखालची काळी माती, सगळं जागच्या जागी. जमिलाबीनं पदर डोळ्याला लावलेला मी पाहिला. पण भाऊजी, मी जन्मभर लोकांना उठवणारी भाषणं केली, 'गुमान घरी जा' असं सांगणारं हे पहिलंच. माझ्या भाषणाला मागे जायचा गिअर नाही हे मला तोवर माहीत नव्हतं. माती आली की तिच्यामागे कष्टकरी आला, कष्टकरी आला की अन्याय आला, अन्याय आला की माझा उजवा हात आपोआप वर गेला, आणि ज्या वाक्यावर मी पोरीला 'चल घरी' म्हणणार होतो त्या वाक्यावर मी गरजलो की या मातीतल्या लेकीला थांबवणारा माईचा लाल अजून जन्माला यायचा आहे!

तो माईचा लाल म्हणजे तुम्ही, हे वाक्य संपल्यावर लक्षात आलं. पण तोवर टाळ्या पडल्या होत्या.

टाळ्या कशानं वाजवतात? दोन्ही हातांनी. आणि ते दोन्ही हात टोपलीवर होते. जिपेचा दोर म्हणाल, तर माझं भाषण रंगात असताना यवतमाळ स्टँडची एक सवारी आली होती, आणि 'सब पकडके हैच, मैं दो मिनट में आया' म्हणत अन्सारनं तो सोडून जीप काढली होती. मी चढल्यामुळे टोपली जड झाली म्हणून सुरभीनं आग जरा जास्तच दिलेली. एका टाळीत सगळं मैदान खाली गेलं. मी हात वर करून तसाच उभा होतो, आणि खाली परवेजभाई, ज्यांनी टाळीला सगळ्यात आधी हात सोडले होते, ते टाळी अर्धवट टाकून धावत होते.

सुरभी घाबरली असेल असं तुम्हाला वाटेल. तिनं एकदा वर पाहिलं, एकदा खाली, आणि म्हणाली, "मामा, खाली बसा. अन् आता एक शब्द बोलू नका, मले वारा पाहू द्या." मी बसलो. तसंही बोलून उपयोग नव्हता. ती शेगडी पेटली की असा आवाज करते की दहा कर्णे लावून आलेला वक्ताही हरेल. आयुष्यात पहिल्यांदा मी व्यासपीठावर बसून दुसऱ्याचं काम पाहिलं. फुग्याला सुकाणू नसतं, भाऊजी. वर एक वारा असतो, खाली दुसरा, मध्ये तिसरा. पोरगी थोडी वर जायची, थोडी खाली यायची, थुंकी टाकून ती कुठे जाते ते पाहायची, आणि आपल्याला हवा तो वारा निवडायची. इतकी वर्षं मी सांगत आलो की वाऱ्यासोबत जाणारा माणूस लाचार असतो. हे विधान मला दुरुस्त करावं लागेल.

काठावरून पाहायचं धाडस बऱ्याच वेळानं झालं. खाली दारव्ह्याचा रस्ता, तुरीचे हिरवे पट्टे, आणि मैलोन् मैल पांढरी पऱ्हाटी. किती कापूस झाडावरच उभा आहे यंदा! वेचायला परवडत नाही म्हणून. मी हे आकडे भाषणात फेकतो, पण एका नजरेत पाहिले नव्हते. आणि मग सुरभीनं शेगडी बंद केली.

ती शांतता तुम्हाला कशी सांगू? कुत्रं भुंकलं ते शेजारी भुंकल्यासारखं. कुणीतरी विहिरीत बादली सोडली, तिचा काठावर आपटलेला आवाज आला. एका शेतात बायका वेचत होत्या, त्यातल्या एकीनं मान वर केली, आणि ओळखलंत का, तुमच्या शेजारच्या नंदाबाई! हाताचा पंजा डोळ्यावर धरून ओरडल्या, नव्हे, ओरडायचीही गरज नव्हती.

"कोन व्हय वं वर?"

"मी व्हय, नंदाकाकू! किसनरावची सुरभी!"

"मंग तिकडं काहून गेली वं माय? बाप मारन ना!"

"मामा संगं हायेत!"

"मंग तं पक्कंच मारन!"

भाऊजी, मी हे विनोद म्हणून लिहीत नाही. तुम्ही भिंतीकडे तोंड करून जे विचारलं होतं, त्याचं उत्तर लिहितो आहे. पोचते. हाक पोचते. जमिनीवरच्या माणसाला वाटतं ती वाऱ्यावर गेली, पण वरच्या माणसाला तिच्यातला हुंकारसुद्धा ऐकू येतो. (पिंटू, हे वाक्य पुन्हा वाच.)

नंदाबाईंचं शेत आलं म्हणजे पुढचं कुणाचं ते तुम्हाला सांगायला नको. मला वाटलं योगायोग. सुरभीच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा कळलं, ती मघापासून हाच वारा शोधत होती. विहिरीच्या अलीकडे, विजेच्या तारा चुकवून तिनं टोपली टेकवली. टोपली टेकली ती थोडी घसरली, घसरली ती आडवी झाली, आणि मी तुमच्या तुरीत जाऊन पडलो. कमरेचा विषय इथे संपला. एकूण मेंढी, बदक आणि कोंबड्यानंतर मी चौथा.

मी कण्हत उठतो तो पोरगी काय करते आहे? तुमच्या गुरांच्या रिकाम्या कोठ्याकडे तोंड करून तिनं शेतमालकाला सलाम केला, ओढणीची ओटी बांधली आणि दबलेल्या ओळींमधला कापूस वेचायला लागली. मी म्हणालो, "अगं, बापाचंच शेत आहे." तर म्हणते, "म्हनूनच तं, मामा." मग मीही वेचायला लागलो. नंदाबाई दोन शेतांमधल्या धुऱ्यावर उभ्या राहून माझ्या वेचण्यावर टीका करत होत्या. ("भाऊ, बोंड तोडू नका, कापूस काढा! इतके वर्ष कापसावर बोलले तुमी!") बऱ्याच वेळानं अन्सारची जीप आली. पुढे जमिलाबी आणि परवेजभाई, मागे टपापर्यंत भरलेलं साखरपुड्याचं वऱ्हाड, कारण रस्त्यात त्यांनी हात केला होता. परवेजभाई अन्सारला काय म्हणत होते ते तुमच्या डोळ्याच्या हिशेबानं लिहीत नाही. मात्र आई पुढे बसली असताना इतकं बोलायची त्यांना सवय नसावी.

आता 'सगळ्यांचा चहा' म्हणजे काय ते सांगतो. तुम्ही नागपूरला, वेचायला मजूर नाही, शेत पांढरं होऊन उभं. दबलेल्या ओळी संपल्या तरी मंडळी थांबेनात. काल बाकीच्या दोन फुग्यांची माणसंही आली. तुमचा सगळा कापूस वेचून झाला आहे, भाऊजी. ओसरीत माझ्या पाठीमागे त्याचा ढीग आहे आणि मी त्यालाच टेकून लिहितो आहे. अंगणात पिवळं कापड वाळत घातलंय, त्यावरची 'आकाशाएवढं पीक' ही अक्षरं जमिलाबीनं कधीच उसवून टाकली आहेत; टाक्यांच्या खुणा तेवढ्या राहिल्या.

राहिला प्रश्न दोराचा. परवाचं उड्डाण जमिलाबी हिशेबात घ्यायला तयार नाहीत. "टाळी से छूटा तो क्या छूटा? घरवाला छोडे तब," असं त्यांचं म्हणणं, आणि सुरभीचंही तेच. मी म्हणालो, मामा घरचाच असतो. खूप वाद झाला (मी जिंकलो), आणि आज पहाटे तुमच्याच शेतात मी शेंड्याचा दोर धरून उभा राहिलो. कापड फुगत गेलं, उभं राहिलं. सुरभी टोपलीत एकटी. भाऊजी, ती एवढीशी दिसत होती. तिनं माझ्याकडे पाहून हाक दिली, "सोडा, मामा!"

आणि माझ्या मुठी उघडेनात.

मी जन्मभर चौकाचौकात ओरडत आलो की साखळ्या तोडा, दोर कापा, माणसाला मोकळं करा. साधा सुती दोर हातात होता, तो सुटेना. तिनं तीनदा हाक दिली. दोरानं मला टाचांवरून उचललं, तुरीतून फरफटत नेलं, तरी सुटेना. शेवटी अन्सारनं एकेक बोट उलगडलं, सुरभीनं शेगडी बंद केली आणि फुगा माझ्या अंगावर पांघरुणासारखा बसला. त्या पिवळ्या अंधारात पडल्या पडल्या मला तुमचा राग पहिल्यांदा नीट समजला. बाहेर जमिलाबी म्हणत होत्या, "भाऊ, तुमचा हात बोलाले बनला. सोडाले नाही."

ताईला नमस्कार. डोळ्याला जपा. औषधाचे थेंब पिंटूकडून घालून घेत जा, ताईचा हात थरथरतो. बाकी ओसरीवर गर्दी असली तरी तुमची खाट कुणाला बसायला दिलेली नाही.

तुमचा, आणि सध्या तुमच्याच घरी तळ ठोकलेला,
सदाशिव

ता. क. वर 'सुरभीला घरी आणलं' असं लिहिलंय, ते वक्तृत्वाच्या ओघात. खरं म्हणजे तिनं मला आणलं.

दुसरा ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. पट्टी सुटली की थेट इकडे या. फुगा इथून हलणार नाही असं परवेजभाईंनी सांगितलंय. दोर मी खुंटीला, तुमच्या टोपीशेजारी टांगला आहे.

तिसरा ता. क. ताईला मघाशी फोन करून हे सगळं थोडक्यात सांगितलं. (रिचार्ज संपला.) तिनं एवढंच विचारलं की दोर सुती आहे की नायलॉनचा, कारण नायलॉननं तुमचे हात कापतात. यावरून काय समजायचं ते तुम्ही समजा.

चौथा माझा नाही. सुरभीनं कागद ओढून घेतला आहे:

बाबा, मामाले दोर सोडता येत नाही. तुमाले येते. शाळेच्या पयल्या दिवशी फाटकात माहा हात तुमीच सोडला होता, अन् मंग लिंबाच्या झाडाआड उभे राहून हळूच 'सुरभे' म्हनलं होतं. मले आयकू आलं होतं. मी मागं पायलं नाही, काहून का पायलं असतं तं तुमी मले घरी नेलं असतं. या वक्तीही तसंच करा. सोडा, अन् मंग हाक मारा. मले आयकू येईन.

(पिंटू, पट्टी कोरडी आहे का बघ.)